विशाखाचं प्रॅक्टिकल आणि माझं लॅमिनेशन

जिल्हा परिषदेच्या आवक-जावक टेबलावर मी एकतीस वर्षं काढली. एवढ्या काळात माझ्या हातून एकही कागद हरवला नाही, फाटला नाही, की कुठल्या अर्जावर चहाचा डाग पडला नाही. निरोप समारंभात खुद्द साहेबांनी तसं बोलून दाखवलं आणि तसं प्रशस्तिपत्रही दिलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिकत ऐकून कडुबा खरात या माणसाविषयी तुमचा भलताच समज व्हायचा.

माझी मुलगी विशाखा नर्स आहे. नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, मग चार वर्षं शहरातल्याच एका खासगी दवाखान्यात नोकरी, आणि ती करता करता दीड वर्ष जर्मन भाषेचा क्लास. आमच्या हडको वसाहतीतल्या घरात सकाळी सहा वाजता ती आरशासमोर उभी राहून मोठमोठ्यानं जर्मन बोलायची. तिची आई पारूबाई भाकरी थापता थापता विचारायची, "सकाळी सकाळी कुणावर रागवायलीस गं?" शेवटी ती भाषेची परीक्षा पास झाली. जर्मनीतल्या एका गावच्या इस्पितळानं मोबाइलवरच मुलाखत घेऊन तिला जागा देऊ केली. त्या गावाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. जागा तीस जूनपर्यंत राखून ठेवतो, तोवर आमच्या सरकारी कचेरीत तुमची फाइल पूर्ण झाली पाहिजे, असं त्यांनी कळवलं.

एप्रिलमध्ये त्या कचेरीचं पत्र आलं. विशाखानं ते वाचून मराठीत सांगितलं. पुस्तकी अभ्यासाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. शंका होती ती प्रॅक्टिकलची. भारतातल्या वॉर्डात उभं राहून ही जे शिकली ते आमच्याकडच्या प्रॅक्टिकलच्या तोडीचं आहे का? तेव्हा कुठल्या विभागात किती तास काम केलं याचा दाखला शाळेकडून आणा आणि मूळ डिप्लोमावर सरकारी साक्षांकनाचा शिक्का घ्या. तास कमी भरले तर इकडे येऊन वर्षभर मदतनीस म्हणून काम करा, पुन्हा परीक्षा द्या, मग बघू.

"बाबा, मी करते हे," विशाखा म्हणाली.

"तू ड्यूटी सांभाळ. कागद हे माझं खातं आहे," मी म्हणालो. त्याच क्षणी कुणीतरी माझ्या तोंडाला चिकटपट्टी लावायला हवी होती.

बातमी गल्लीत पसरायला एक संध्याकाळ पुरली. शेजारचे नानासाहेब वाळूजच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेत. तिथं त्यांनी अकरा वर्षं एक जर्मन मशीन चालवलं होतं, त्यामुळे जर्मनांना ते सोयरेच मानतात. आमच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "खरातसाहेब, जर्मन लोकाला दोनच गोष्टी कळत्यात. मशीन अन् कागद. माणूस कळत नाय."

समोरच्या सत्यभामाबाईंचं मत याहून वाईट होतं. "माझ्या भाच्याची बायको गेली होती की तिकडं लंडनला. इथं चांगली स्टाफ नर्स, अन् तिथं म्हाताऱ्यांच्या आंघोळी घालायला ठेवलं तिला. आपल्याकडचं प्रॅक्टिकल तिकडं चालत नाय हो."

"अहो, लंडन वेगळं, जर्मनी वेगळं," मी म्हणालो.

"इथून काय, दोन्ही लांबच," त्या म्हणाल्या.

विशाखा तेव्हा ड्यूटीला निघण्यासाठी दारात चप्पल घालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. तीन वर्षं पोरगी वॉर्डात उभी राहिली, आणि ते चालतं की नाही हे आमच्या पायरीवर ठरत होतं, याचा मला राग आला. सत्यभामाबाईंना चहा मात्र मी दिला, कारण तो आधीच ओतून झाला होता.

पहिली मोहीम तासांच्या दाखल्याची. विशाखाची नर्सिंगची शाळा तालुक्याच्या गावी. एसटीनं गेलो. तिथला क्लार्क सुदर्शन हा तिशीतला, अत्यंत उत्साही माणूस निघाला. जर्मनी हा शब्द ऐकताच त्यानं मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे फिरवला आणि शिपायाला चहा सांगितला. "सर, आपल्या शाळेची पोरगी जर्मनीला! उद्या या. फस्क्लास करून ठेवतो." स्वतःच्या उभ्या नोकरीत मी कुणाला 'उद्या या' इतक्या प्रेमानं म्हटलं नव्हतं, याची मला तिथं बसल्या बसल्या लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दाखला तयार होता. गुलाबी फाइल, वर सोनेरी दोरा. एसटीत बसल्यावर मी ती उघडली. जळीत वॉर्ड, पंधरा दिवस, तीनशे नव्वद तास. जुनी सवय म्हणून मी भागाकार केला. दिवसाला सव्वीस तास येत होते. प्रसूती वॉर्डात त्यानं जरा आवरतं घेतलं होतं, तिथं चोवीस. मी पुढच्याच थांब्यावर उतरून उलट्या गाडीनं शाळेत परत गेलो.

"सुदर्शनराव, दिवसाला सव्वीस तास?"

"सर, परदेशाचं काम हाय. हात कशाला आखडता घ्यायचा? पोरगी आपलीच हाय."

"अहो, पण दिवस चोवीस तासांचा असतो."

"इथं असतो, सर. तिथलं काय आपल्याला माहीत?"

त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. लग्नाच्या पंगतीत आग्रहानं वाढलेली जिलेबी पाहुण्यानं पानाबाहेर काढून ठेवावी, तसा त्याचा चेहरा झाला. आमची ही वादावादी ऐकून आतून द्वारकाबाई आल्या. या तिथल्या सिस्टर ट्यूटर, मुलींना वॉर्डात नेऊन शिकवणाऱ्या. त्यांनी कपाटातून एक जाडजूड हजेरीबुक काढलं. त्यात प्रत्येक मुलीची वॉर्डात येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि सही होती.

"खरे तास लिहा, सुदर्शन," त्या म्हणाल्या. "या पोरीचे खरेच इतके हायेत की खोट्याची गरज नाय. जळीत वॉर्डात पहिल्या दिवशी निम्म्या पोरी रडत बाहेर येत्यात. ही ड्यूटी संपली तरी थांबायची."

नवा दाखला साध्या कागदावर झाला. बेरीज मी स्वतः तीनदा केली, तीनदा बरोबर आली. त्यावर सह्या-शिक्के होता होता मेचा महिना गेला.

नऊ जूनला मी डिप्लोमा घेऊन साक्षांकनाच्या खिडकीवर उभा राहिलो. इथं मला एक कबुली द्यावी लागेल. लहानपणी आमच्या गावी, करमाडला, माझा चौथीचा दाखला माझ्या वडिलांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता आणि तो पेटीतल्या पेटीत वाळवीनं खाल्ला. माझे वडील निरक्षर होते. चाळण झालेल्या त्या कागदावरून हात फिरवत ते किती वेळ बसले होते, ते मी विसरू शकत नाही. त्यामुळे विशाखाला डिप्लोमा मिळाला त्या दिवशी मी पेढ्यांच्या दुकानात जाण्याआधी टीव्ही सेंटर चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि दुकानातलं सगळ्यात जाड लॅमिनेशन करून घेतलं.

खिडकीवर सोनिया मॅडम होत्या. त्यांनी डिप्लोमावर नखानं टकटक केलं. "काका, हे लॅमिनेट केलंय."

"हो. एकशेपंचवीस मायक्रॉन. पाण्यात बुडवा, काही होत नाही," मी अभिमानानं म्हणालो.

"काही होत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. शिक्का मागच्या बाजूला मारतात, काका. प्लास्टिकवर शाई बसत नाही. लॅमिनेशन काढून आणा, नाहीतर दुसरी प्रत आणा. पुढचे या."

माझ्या मागे वीसेक माणसं होती. त्यातलं कुणीतरी हसलं. एकतीस वर्षांत मी किती लोकांचे कागद 'त्रुटी' असा शेरा मारून परत पाठवले असतील, त्याची गणती नाही. माझा स्वतःचा कागद पहिल्यांदाच परत आला होता. खाली मान घालून मी बाहेर पडलो. हातात एकवीस दिवस होते.

घरी मी विशाखाला सांगितलं, "साहेब रजेवर आहेत." आयुष्यात इतकं सराईत खोटं मी कधी बोललो नव्हतो.

आधी गेलो झेरॉक्सवाल्याकडे. त्यानं डिप्लोमा उजेडात धरून कौतुकानं पाहिला. "अंकल, मैं लगाने की गॅरंटी दे को लगाया था. निकालने की गॅरंटी आज तक किसीने पूछीच नै." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मेरी मानो तो हाथ नक्को लगाओ. कागद सुद्धा निकल को आएगा."

नानासाहेबांना मात्र हा प्रश्न किरकोळ वाटला. "उष्णतेनं चिकटलंय ना? मग उष्णतेनंच सुटणार. इस्त्री आणा." मी डिप्लोमावर प्रयोग करू द्यायला साफ नकार दिला. "मग दुसरं काहीतरी लॅमिनेट केलेलं द्या," ते म्हणाले. आमच्या घरात लॅमिनेट केलेल्या वस्तूंना तोटा नाही. सगळ्यात वर माझं प्रशस्तिपत्र होतं. नानासाहेबांनी त्यावर सुती पंचा ठेवला आणि फोरमनच्या डौलानं इस्त्री टेकवली. थोड्या वेळानं पंचा उचलला, तेव्हा प्लास्टिक सुटलं होतं खरं. पण साहेबांच्या सहीसकट सगळी छपाई त्याच्यासोबत निघून आली होती. कागदावर 'श्री. कडुबा' एवढंच शिल्लक होतं. "दहा डिग्री जास्त झाली," नानासाहेब शांतपणे म्हणाले. मी आत जाऊन पाणी प्यालो.

मग दुसऱ्या प्रतीचा विचार केला. त्याच्या अर्जाला पोलिसांचा दाखला जोडावा लागतो, म्हणून चौकीत गेलो. हवालदारानं विचारलं, "कुठं हरवला?"

"हरवला नाही. हा काय, माझ्या हातात आहे."

"फाटला?"

"नाही."

"जळला?"

"अहो, उलट फारच सुरक्षित आहे. हीच तक्रार आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "काका, घरी जा. हरवला की या." शेवटी जाता जाता दयेनं म्हणाला, "हरवला असं म्हना ना. लिहून देतो." पण हातातला कागद हरवला म्हणून सही करणं मला जमलं नाही. शिवाय दुसरी प्रत यायला तीन महिने लागतात, हेही तिथंच कळलं.

राहता राहिला सत्यभामाबाईंचा उपाय. त्यांच्या सुनेनं म्हणे मोबाइलमध्ये पाहिलं होतं. थंडीनं प्लास्टिक आकसतं आणि आपोआप सुटतं. "दोन दिवस बर्फाच्या खणात ठेवा अन् इसरून जा." मी डिप्लोमा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला, पण विसरून काही जाता येईना. दर तासाला उघडून बघत होतो. तो फक्त थंड होत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी विशाखा ड्यूटीवरून आली. गार पाणी हवं म्हणून तिनं बर्फ काढायला फ्रीजर उघडला. मी बाहेर नानासाहेब आणि सत्यभामाबाईंसोबत सल्लामसलत करत होतो.

"बाबा," आतून आवाज आला, "माझा डिप्लोमा बर्फाच्या खणात का आहे?"

नानासाहेब उठून निघाले होते. मी सदरा धरून त्यांना खाली बसवलं. मग मी सगळं सांगितलं. खिडकी, इस्त्री, चौकी, सगळं. तारीख एकोणीस जून होती, आणि पोरीची इतक्या वर्षांची मेहनत मी प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवली होती.

विशाखा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिनं डिप्लोमा ओढणीनं पुसला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "शिक्का कुठल्या बाजूला मारतात?"

"मागच्या."

"मग पुढच्या बाजूला कशाला हात लावायचा?"

एक फोरमन, एक वरिष्ठ लिपिक आणि दोन सुना नांदवणाऱ्या सत्यभामाबाई, तिघांनी मिळून दहा दिवस या कागदाचा विचार केला होता. कागदाची मागची बाजू पूर्ण कोरी आहे, तिथं उडून जायला एक अक्षरसुद्धा नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी विशाखानं जेवणाचं टेबल रिकामं केलं. वर स्वच्छ चादर. कोपरापर्यंत हात धुतले. कंबर शेकायची गरम पाण्याची पिशवी, एक बोथट चिमटा, एक पातळ पट्टी. आधी माझ्या वाचनालयाच्या कार्डावर हात बसवून घेतला. ते कार्ड शाबूत राहिलं. मग तिनं डिप्लोमा पालथा ठेवला, एका कोपऱ्यावर पिशवी टेकवली, मनात आकडे मोजले, पिशवी उचलली आणि चिमट्यानं प्लास्टिकचा तांदळाएवढा कोपरा धरला. ओढला नाही. नुसता धरून ठेवला. मग हळूहळू मागे दुमडत नेला. पुन्हा पिशवी, पुन्हा चिमटा. नानासाहेबांना टॉर्च धरायची परवानगी होती, बोलायची नव्हती. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात अवघड रविवार असावा.

"झालं हं, झालं," विशाखा मधूनच पुटपुटायची. "थोडंच राहिलंय."

"कुणाशी बोलायलीस गं?" सत्यभामाबाईंनी हळूच विचारलं.

विशाखा ओशाळली. "सवय आहे, काकू. जळीत वॉर्डात पट्टी जखमेला चिकटून बसते. घाईनं ओढली की नवी आलेली कातडी सोबत येते. मग ओली करायची, थांबायचं, दोन बोटांएवढी सोडवायची, परत थांबायचं. एकेका पेशंटला दोन-दोन तास लागायचे. बोलत राहिलं की त्यांना जरा कमी दुखतं."

सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला. "बये, हात लई हलका हाय गं तुझा," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत बसून बघत होतो. पोरगी तीन वर्षं नर्सिंग शिकली, हे मी गावभर सांगितलं होतं. तिथं नेमकं काय शिकली, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. कागद जपला की बापाचं काम झालं, असं मला वाटत होतं. तीन तासांनी प्लास्टिकचा अख्खा तुकडा एकसंध निघून आला. खाली कागद कोरा, गुळगुळीत, एक धागासुद्धा उचकटलेला नाही. नानासाहेबांना बोलायची परवानगी मिळताच ते पहिलं वाक्य बोलले, "आमच्या कारखान्यात असा एक माणूस नव्हता." पारूबाईनं सगळ्यांना शिरा वाढला.

सोमवारी मी पुन्हा खिडकीवर. सोनिया मॅडमनी सवयीनं टकटक केलं. "काका, अजून लॅमिनेट आहे की."

मी डिप्लोमा उलटा केला. त्यांनी मागच्या बाजूवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बोट फिरवलं. "पुढून आहे, मागून नाही? असं चालतं का?"

आता मात्र मी माझ्या घरच्या मैदानावर होतो. "मॅडम, शिक्का मारायची बाजू मूळ, कोरी आणि खाडाखोड नसलेली हवी, एवढंच तुमच्या त्या फलकावर लिहिलंय. दुसऱ्या बाजूबद्दल फलक गप्प आहे. आणि जिथं नियम गप्प आहे तिथं अर्जदाराला परत पाठवता येत नाही. एकतीस वर्षं मी हेच काम केलंय."

त्या डिप्लोमा घेऊन आत साहेबांकडे गेल्या. अकरा मिनिटं लागली. मी भिंतीवरच्या घड्याळात मोजली. बाहेर आल्या तेव्हा हसत होत्या. शाईच्या पॅडवर शिक्का दाबला आणि धप्पकन मारला. मागच्या रांगेतल्या कुणालाही काहीच माहीत नव्हतं, तरी मी वळून सगळ्यांना नमस्कार केला. विशाखानं त्याच दिवशी कागद जर्मनीला पाठवले, आणि सव्वीस जूनला फाइल तिकडे पूर्ण झाल्याची पोच आली.

निकालाचं पत्र जुलैच्या एका संध्याकाळी विशाखाच्या मोबाइलवर आलं. ती दारापुढच्या ओट्यावर उभी राहिली. गल्लीतले पंधरा-वीस लोक जमले. "आधी हाय तसंच वाच," नानासाहेब म्हणाले. तिनं जर्मनमध्ये वाचायला सुरुवात केली आणि सगळे मान खाली घालून, अगदी गंभीरपणे ऐकू लागले. नानासाहेब तर योग्य जागी मान डोलावत होते. मध्येच 'विशाखा कडुबा खरात' असं आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

मग तिनं मराठीत सांगितलं. "प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण मान्य. एकही तास कमी नाही. परीक्षा नाही, मदतनीस म्हणून वर्ष नाही. सप्टेंबरपासून पूर्ण नर्स म्हणून रुजू व्हायचं."

टाळ्या वाजल्या. सत्यभामाबाईंना एक शंका राहिलीच होती. "म्हंजे म्हाताऱ्यांच्या आंघोळी नाय ना घालाव्या लागणार?"

"घालणार की, काकू," विशाखा म्हणाली. "पेशंटची आंघोळ नर्सचंच काम असतं. आंघोळ घालतानाच तर कळतं, कुठं दुखतंय, कुठली कातडी लाल झालीय. इथंही मी तेच करते."

सत्यभामाबाईंनी पुढं होऊन तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली.

पारूबाई एवढा वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं. ती म्हणाली, "विशाखा, परत वाच."

"मराठीत ना, आई?"

"नाय. त्यांच्या भाषेत."

"कळतंय का तुला?"

"कळायचं काय त्यात? तुझं नाव येतंय ना? वाच."

विशाखानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी खाली बसलेले लोकही उठून उभे राहिले, का ते कुणालाच ठाऊक नाही. तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं, ते मी.